हर-टू 'टू प्लस' आलंय. आता पुढे काय?

गोधडी

आत्याचा (वय ५८, कराडकडचं गाव) बायॉप्सीचा रिपोर्ट काल हातात पडला. डाव्या स्तनात गाठ, 'इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३', म्हणजे स्तनाचा कॅन्सर. इथपर्यंत डॉक्टरांनी नीट सांगितलं. त्याखाली तीन ओळी आहेत: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं पकडणारी प्रथिनं, एवढं कळलं), हर-टू 'टू प्लस, इक्विव्होकल'. 'फिश करून आणा, मग ठरवू' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक गेली.

आतोबा माळकरी. 'फिश करा' ऐकल्यावर त्यांचा जो चेहरा झाला, तो बघून इतक्या ताणातही मला हसू आलं. आतेभाऊ म्हणतो, किमो तर द्यायचीच आहे, मग आणखी एका तपासणीवर पैसे कशाला घालायचे? आतोबांचं म्हणणं, प्लस आलंय म्हणजे चांगलंच असणार. आत्या काही बोलत नाही. रिपोर्ट तिने पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवलाय, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून.

इथे जाणकार आहेत. टू प्लस म्हणजे काय, आणि फिश केल्याने खरंच काही बदलतं का?

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट. रोज या स्लाइड्स बघते, म्हणून लिहिते.

आतोबांना सांगा, हे प्लस म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याला आम्ही 'ब्लॉक' म्हणतो. त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेऊन त्यावर हर-टू या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड आणि रंग घालतात. जिथे हर-टू असेल तिथे तपकिरी रंग चढतो. ० आणि १ प्लस म्हणजे निगेटिव्ह. ३ प्लस असेल तर पेशींच्या कडा पूर्ण, गडद तपकिरी दिसतात आणि मधला भाग मोकळा. खुराड्याला मारलेली तारेची जाळी डोळ्यांपुढे आणा. आमच्यात त्याला 'चिकन वायर' असंच म्हणतात (आतोबांना हे नका सांगू). टू प्लसमध्ये जाळी असते, पण फिकट. मी आणि शेजारच्या टेबलावरचे सर एकच स्लाइड बघून एक पायरी वरखाली देऊ शकतो. म्हणून 'इक्विव्होकल', म्हणजे यावरून सांगता येत नाही.

फिशमध्ये प्रथिनाचा रंग बघत नाहीत, थेट जनुकाच्या प्रती मोजतात. अंधाऱ्या खोलीत, फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली. हर-टूचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतं. जनुकाला लाल ठिपका, त्याच गुणसूत्राच्या मध्याला हिरवा. किमान २० पेशींतले ठिपके मोजायचे. साध्या पेशीत दोन लाल, दोन हिरवे. हर-टू पॉझिटिव्ह गाठीत दोन-तीन हिरव्यांभोवती लाल ठिपक्यांचा नुसता सडा पडलेला असतो, मोजता मोजता डोळे दुखतात. लाल-हिरव्याचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे लाल ठिपके सरासरी ४ किंवा जास्त, तर पॉझिटिव्ह.

आतेभावाच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदलतं. पॉझिटिव्ह आलं तर किमोसोबत हर-टूवरची औषधं, आणि गाठीचा आकार बघून बहुतेक वेळा आधी औषधं, मग ऑपरेशन. निगेटिव्ह आलं तर आत्यांचा आजार ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) ठरतो आणि औषधांची यादीच वेगळी होते. फिश करून घ्या. त्याच ब्लॉकवर होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

निवडुंग

बारावीला बायॉलॉजी सोडलेला माणूस विचारतोय: हे हर-टू करतं काय? विषाणू आहे का?

पेशीपुराण

नाही हो, विषाणू नाही. आपल्या प्रत्येकाच्या पेशीत आहे, तुमच्याही.

पेशी आपल्या मनाने वाढत नाही, बाहेरून सांगावा यावा लागतो. तो घेणारी प्रथिनं पेशीच्या आवरणात रोवलेली असतात. त्यातलं एक घराणं चार बहिणींचं आहे, हर-वन ते हर-फोर. एकटीने काम होत नाही, जोडी लागते. मंगळागौरीची फुगडी आठवा. हर-वन, हर-थ्री आणि हर-फोर या तिघी एरवी हात अंगाशी आवळून उभ्या असतात. सांगाव्याचा रेणू येऊन चिकटला की हात पुढे करतात आणि कोणाशी तरी फुगडी धरतात. हर-टू मात्र जन्मजात हात पुढे करूनच उभी. तिला सांगावा देणारा रेणू आजवर सापडलेला नाही, तिला त्याची गरजही दिसत नाही. जी समोर येईल तिच्याशी फुगडी.

हर-थ्रीची वेगळीच गंमत. तिचं आतल्या बाजूचं एन्झाइम जवळजवळ निकामी, स्वतःच्या बळावर फार काही जमत नाही. पण हर-टूशी तिची जोडी जमली की सगळ्या घराण्यात तीच फुगडी सर्वांत जोरकस.

फुगडी सुरू झाली की आवरणाच्या आत लोंबणाऱ्या शेपट्यांवर फॉस्फेटचे ठिपके लागतात. हे काम करणाऱ्या एन्झाइमला टायरोसीन कायनेज म्हणतात. मग आत दोन वाटांनी निरोप जातो. रास-मॅपके या वाटेने 'विभागणी करा', आणि पीआय-थ्री-के, एकेटी, एमटॉर या वाटेने 'मरू नका, खा, वाढा'. दोन्ही निरोप केंद्रकापाशी पोचतात. तिथे सायक्लिन डी आणि सीडीके-४/६ मिळून आरबी नावाच्या पहारेकऱ्याला बाजूला सारतात आणि पेशी दुभंगायला लागते.

निरोगी पेशीवर हर-टूचे रेणू साधारण २० हजार. जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठीत ही संख्या २० लाखांपर्यंत जाते. अंगण तेवढंच आणि फुगडीला उतावीळ झालेल्या पोरी शंभरपट. वर डॉक्टरांनी सांगितलेली तारेची जाळी म्हणजे ही गर्दी.

आता औषधं. ट्रॅस्टुझुमॅब हर-टूला आवरणालगत, म्हणजे कमरेशी धरतं. शिवाय त्या पेशीवर खूण होते आणि शरीरातल्या मारेकरी पेशींना ती ओळखू येते. पर्टुझुमॅब बरोबर फुगडीचा हात पकडतं, त्यामुळे हर-थ्रीशी जोडी जमत नाही. दोघं एकाच रेणूला दोन ठिकाणी धरतात, म्हणून एकत्र देता येतात. आजार शरीरात पसरलेल्या स्त्रियांमध्ये ट्रॅस्टुझुमॅब आणि किमोला पर्टुझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्म्या जणी ज्याहून जास्त जगल्या तो काळ) ४०.८ वरून ५६.५ महिन्यांवर गेलं. लॅपॅटिनिब, टुकॅटिनिब या गोळ्या. त्या पेशीत शिरून शेपटीपाशी कायनेजच बंद पाडतात.

निवडुंग

फुगडी! हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. आमच्या बाईंनी असं शिकवलं असतं तर कॉमर्सला गेलो नसतो.

साधासुधा

सगळं छान. पण एक विचारतो, राग मानू नका. या औषधांना 'टार्गेटेड', नेम धरून मारणारी, म्हणतात, तर मग केस का जातात? वहिनीचे गेले. आणि ही औषधं लाखालाखाची. कंपन्यांनी भीती घालून विकायचा माल आहे, असं माझं मत. सुई टोचली की गाठ पसरते, हेही ऐकून आहे.

सूक्ष्मदर्शी

केस सोबतच्या किमोमुळे जातात, ट्रॅस्टुझुमॅबमुळे नाही. किमो संपून नुसतं ट्रॅस्टुझुमॅब चालू असतं तेव्हा केस परत येतात. वहिनींना विचारून बघा.

सुईने पसरतो हे चूक. या एका समजापायी सहा-सहा महिने गाठ अंगावर काढून आलेल्या बायका मी बघते, आणि तेव्हा मात्र ती खरोखर पसरलेली असते.

हडसनकाठी

साधासुधा, कंपन्यांबद्दलचा तुमचा राग मला कळतो, पण या औषधाचा इतिहास जरा उलटा आहे. आधी उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठीतून 'न्यू' नावाचं जनुक सापडलं, रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत. मग १९८५ च्या सुमारास माणसातलं तेच जनुक जेनेनटेक या अमेरिकी औषधकंपनीत अ‍ॅक्सेल उलरिश यांच्या हाती लागलं. काय करायचं त्याचं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. लॉस एंजेलिसच्या डॉ. डेनिस स्लेमन यांच्याकडे गाठींचे गोठवून ठेवलेले नमुने होते. त्यांनी त्यांत हे जनुक शोधलं आणि १९८७ मध्ये छापलं: स्तनाच्या १८९ गाठींपैकी साधारण ३० टक्क्यांत त्याच्या प्रती वाढलेल्या, आणि त्याच बायकांचा आजार लवकर उलटतो. (पुढच्या मोजणीत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर स्थिरावलं.)

एवढं होऊनही कंपनी औषधात पैसा घालायला कचरत होती. स्लेमन यांचं काम काही काळ चाललं ते रेव्हलॉनच्या देणगीवर. हो, लिपस्टिकवाली रेव्हलॉन. सप्टेंबर १९९८ मध्ये ट्रॅस्टुझुमॅबला अमेरिकेत परवानगी मिळाली. पसरलेल्या आजाराच्या ४६९ स्त्रियांवरच्या चाचणीत मध्यक आयुर्मान २०.३ वरून २५.१ महिने झालं. पाच महिनेच, म्हणाल. पण २००५ मध्ये ऑपरेशननंतर लगेच हे औषध देण्याच्या चाचण्यांचे निकाल आले आणि आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. पूर्वी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे सगळ्यांत वाईट बातमी मानत. आता तसं उरलेलं नाही.

साधासुधा

लिपस्टिकचं माहीत नव्हतं. वहिनीला विचारलं, केस आलेत म्हणे, कुरळे. बाकी किमतीवर माझं मत कायम.

ओवी_अठरा

माझं नाव माझ्या डोसांवरून. दर तीन आठवड्यांनी एक, वर्षभरात अठरा. आता चार वर्षं झाली.

गोधडी, आत्यांना दिलं तर हे आधीच सांगून ठेवा: पहिल्या डोसला मला अशी हुडहुडी भरली की पलंग वाजत होता. सिस्टरनी ठिबक थांबवलं, इंजेक्शन दिलं, दोन ब्लँकेटं घातली. अर्ध्या तासात निवळलं. पुढच्या सतरा वेळा काहीही झालं नाही, मी ठिबक चालू असताना मेथी निवडायचे. घरून जुडी घेऊनच जायचे. सिस्टर म्हणायच्या, ताई, इथे पालापाचोळा नको.

दर तीन महिन्यांनी टू डी इको करायला लागायचा. एकदा हृदयाचा पंपिंगचा आकडा ६२ वरून ५० वर आला तेव्हा डॉक्टरांनी दोन डोस लांबवले, मग सुरू केलं. फार घाबरले होते. का होतं हे?

पेशीपुराण

हृदयाच्या स्नायूपेशींनाही ताण पडला की तगून राहायला हर-टू आणि हर-फोरची जोडी लागते. औषध गाठीवरची हर-टू धरतं तसं तिथलीही धरतं. सोबत डॉक्सोरुबिसिनच्या जातीची किमो असेल तर जास्त. त्या ४६९ जणींच्या चाचणीत दोन्ही एकदम दिलेल्या गटात २७ टक्क्यांना हृदयाचा त्रास झाला, नुसत्या त्या किमोवर ८ टक्के. म्हणून आता ती दोन्ही सहसा एकत्र देत नाहीत. नुसत्या ट्रॅस्टुझुमॅबने आलेली घट बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर भरून येते, तुमची आली तशी.

तांबडीमाती

मी बरेच दिवस फक्त वाचतोय. आज लिहितो, कारण वर सगळे औषधाबद्दल बोलताहेत आणि आमचं घोडं औषधाच्या कितीतरी आधी पेंड खायला गेलं.

आईची गाठ तालुक्याच्या गावी काढली. नाव घेत नाही. गाठ बरणीत घालून आमच्याच हातात दिली, 'शहरात लॅबला नेऊन द्या' म्हणून. शनिवार दुपार होती. मी नेली सोमवारी संध्याकाळी. बरणी लहान, गाठ मोठी, वरचा भाग द्रवाच्या बाहेर. आणि तो द्रव फॉर्मॅलिन होता की नुसतं सलाईन, हे आजही कोणी सांगू शकत नाही. वास आला नव्हता एवढं मला आठवतं. रिपोर्ट: तिन्ही निगेटिव्ह. त्याप्रमाणे किमो झाली. आठ महिन्यांनी काखेत गाठ आली तेव्हा टाटाला गेलो. तिथे नवी बायॉप्सी केली तर हर-टू थ्री प्लस.

दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहून उपचार केले. आई आज आहे. पण ते आठ महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. ती बरणी मी माझ्या हाताने रिक्षात मांडीवर धरून नेली होती.

सूक्ष्मदर्शी

तांबडीमाती, ती बरणी भरणं तुमचं काम नव्हतं.

कधीकधी गाठ स्वतःच रूप बदलते, पहिली निगेटिव्ह आणि नंतरची पॉझिटिव्ह असंही घडतं. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात पहिल्या रिपोर्टवर मी तरी भरवसा ठेवला नसता. शरीरातून निघाल्यावर तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिन १० टक्के, बफर केलेलं, तुकड्याच्या निदान दहापट. मोठी गाठ असेल तर कापून उघडायला हवी, कारण फॉर्मॅलिन आत हळूहळू शिरतं आणि मधला भाग तोवर सडायला लागतो. त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. हे चुकलं की प्रथिनं आणि जनुकं दोन्ही विरतात, मग रंग चढत नाही आणि आम्ही 'निगेटिव्ह' लिहितो. खरं तर तिथे 'नमुना तपासणीलायक नाही' असं लिहायला हवं, आणि ते लिहायला धीर लागतो.

त्याच स्लाइडवर निरोगी दुग्धनलिकेचा एखादा तुकडा असेल तर ईआरचा रंग तिथे थोडा तरी चढलेला दिसायला हवा. तिथेही कोरं असेल तर गाठीवरच्या 'निगेटिव्ह'ला काही अर्थ नाही. तिन्ही निगेटिव्ह आलेला रिपोर्ट बघताना मी आधी तीच नलिका शोधते.

बाणाबद्दल बोलताना सगळे बाणाचीच धार बघतात. नेम मात्र या बरणीत धरला जातो. गोधडी, आत्यांची बायॉप्सी कुठे झाली, नमुना किती वेळात पोचला, हे विचारून घ्या. ब्लॉक आणि स्लाइड्स मागितल्या की मिळतात. फिश चांगल्या केंद्रात करा आणि तिथे हर-टूची स्लाइडही पुन्हा वाचून घ्या. ब्लॉक नेताना उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. हे एकाने केलंय, म्हणून सांगते.

चिंचबोर

थोडं अवांतर. सासूबाईंना ईआर पॉझिटिव्ह आहे, रोज एक लेट्रोझोल. एवढीशी गोळी, तीही टार्गेटेड म्हणायची का? आणि पाळी बंद होऊन वीस वर्षं झाली, मग इस्ट्रोजेन येतं कुठून?

पेशीपुराण

टार्गेटेडमधलं सगळ्यांत जुनं घराणं ते. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढून स्तनाची गाठ आक्रसल्याचं दाखवलं, तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता. टॅमॉक्सिफेन इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं. त्या कामी ते आपटलं, आणि पुढे लाखो बायकांच्या कामी आलं. ते ईआरच्या खाचेत जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. पाळी गेल्यावरही अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकांपासून चरबीतलं अ‍ॅरोमटेज एन्झाइम थोडंथोडं इस्ट्रोजेन बनवत असतं, ते बंद होतं. बरीच वर्षं घेतल्यावर काही गाठींत ईआरचं जनुकच बदलतं आणि इस्ट्रोजेनशिवाय चालू राहतं. तेव्हा औषध बदलावं लागतं. पसरलेल्या आजारात सोबत पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब देतात, ते वर सांगितलेल्या सीडीके-४/६ वर.

हाडांची तपासणी आणि कॅल्शियम विसरू नका.

हडसनकाठी

टू प्लसबद्दल एक राहिलं. फिश निगेटिव्ह आली तरी ते टू प्लस आता वाया जात नाही. २०२२ पासून त्याला आणि १ प्लसला 'हर-टू लो' म्हणतात. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे औषध म्हणजे त्याच ट्रॅस्टुझुमॅबच्या पाठीवर किमोचे सुमारे आठ रेणू बांधलेले. डबेवाल्यासारखं समजा. पत्त्यावर पोचला, डबा आत गेला, उघडला. आणि आतलं औषध पेशीच्या भिंतीतून बाहेर झिरपून शेजारच्या पेशींनाही मारतं, म्हणून पत्ते थोडे असले तरी चालतं. पसरलेल्या आजारात, ईआर पॉझिटिव्ह हर-टू लो गटात, आजार थोपवून धरण्याचा मध्यक काळ ५.४ वरून १०.१ महिने झाला. फुप्फुसांना सूज येऊ शकते, त्यामुळे नवा खोकला अंगावर काढायचा नाही. सुरुवातीच्या टप्प्यात 'लो' असल्याने मात्र अजून काही बदलत नाही.

निवडुंग

डबेवाल्याला कुठेही घुसडायचं सोडा हो. फुगडीपुढे काही नाही.

तांबडीमाती

खर्चाचं मी सांगतो, ते आम्ही भोगलंय. २०१४ मध्ये बायोकॉनचं देशी ट्रॅस्टुझुमॅब बाजारात आलं, नंतर इतर कंपन्यांची आली, तेव्हापासून भाव बराच उतरला. तेच बायोकॉनचं औषध डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतही मंजूर झालं, तेव्हा 'देशी म्हणजे दुय्यम' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. २०१५ पासून ट्रॅस्टुझुमॅब जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. डेरुक्सटेकनवरचा आयातशुल्क जुलै २०२४ च्या बजेटमध्ये काढला, तरी ते आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच. रुग्णालयात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्या दिवशीच भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन.

वर्षाचा खर्च झेपत नसेल तर औषध मधेच मुकाट्याने सोडू नका, डॉक्टरांना सांगा. ब्रिटनमध्ये चार हजारांवर बायकांच्या चाचणीत सहा महिने दिलं तरी चार वर्षांनंतरचा निकाल वर्षभर दिल्याइतकाच आला, ८९.४ आणि ८९.८ टक्के बायका तोवर आजाराविना होत्या. टाटातल्या डॉक्टरांनी मला हा कागद दाखवला होता. सगळ्यांना लागू नाही, पण विचारायला काय जातं?

गोधडी

बारा दिवसांनी येतेय. ब्लॉक मुंबईला नेला, पर्समध्ये रुमालात गुंडाळून. स्लाइड तिथे पुन्हा वाचली, टू प्लसच. नमुना अर्ध्या तासात फॉर्मॅलिनमध्ये गेला होता, याची नोंदही रिपोर्टवर होती (इथे वाचलं नसतं तर ती ओळ बघितलीच नसती). फिशचा निकाल आज आला: गुणोत्तर ४.६. पॉझिटिव्ह.

डॉक्टर म्हणाले, आधी सहा सायकल, किमो आणि दोन्ही इंजेक्शनं, मग ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये गाठ शिल्लक सापडली तर नंतर टी-डीएम-वन, म्हणजे किमो बांधलेलं ट्रॅस्टुझुमॅब. त्याने आजार उलटण्याचा धोका निम्म्यावर येतो म्हणे.

आत्याला फुगडीचं सांगितलं. बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे एकीनं कंबर धरायची आन् दुसरीनं हात. आमच्यात बी अशीच सोडवायचो की, नादावलेल्या पोरीला." आणि पिठाच्या डब्याखालचा कागद काढून माझ्याकडे दिला, फाइलला लाव म्हणून.

मंगळवारी टू डी इको आहे. उपाशीपोटी जायचं असतं का?

ओवी_अठरा

नाही. पोटभर जेवून जा. आणि ब्लाउज पुढून उघडणारा घालायला सांग.